झाकलेले नाव, उघडे काम

विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते, केवळ क्रमांक असतो, ही गोष्ट आपणा सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही तत्त्व असेल याची आठवणही कोणास होत नाही. परीक्षकाने मुलाचे कूळ, गाव, गुरू अथवा शिफारस यांकडे न पाहता केवळ त्याच्या लिहिण्याकडे पाहावे, हे ते तत्त्व होय. हेच तत्त्व इमारतीस लावले तर काय होईल? विधिमंडळ, नाट्यगृह, वस्तुसंग्रहालय अथवा स्मारक उभारावयाचे असता त्याचा कर्ता ओळखीपाळखीने न नेमता, ज्यास कल्पना सुचेल त्याने आराखडा धाडावा, असा जाहीर पुकारा करावयाचा आणि आलेल्यांतून उत्तम तो निवडावयाचा, ही पद्धत युरोपात कित्येक शतके चालत आली आहे. आपल्याकडेही तिचा शिरकाव होऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. या स्पर्धांचा इतिहास मनोरंजक आहेच. परंतु कल्पक पण अप्रसिद्ध मनुष्यास समाजाने दार कसे उघडावे, आणि तो आत आल्यावर त्यास कसे वागवावे, या प्रश्नाचाही तो इतिहास आहे. याच दृष्टीने त्यातील काही प्रसंग वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ इटलीतील फ्लॉरेन्स नगरापासून केलेला बरा. इ. स. १४०१ मध्ये तेथील कापड-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने नगराच्या दीक्षामंदिरास काशाचे कोरीव दरवाजे बसवावयाचे ठरविले आणि त्यासाठी कारागिरांची स्पर्धा लाविली. अखेरीस सात जण रिंगणात राहिले. सर्वांस विषय एकच, तो म्हणजे अब्राहामाने पुत्र इसहाक यास बळी देण्यासाठी सुरी उचलली तो क्षण. चौकटीचा आकार एकच, धातू तीच, मुदतही एक वर्षाची. या सातांत लोरेन्झो गिबेर्ती व फिलिपो ब्रुनेलेस्की हे सोनारकामात वाढलेले दोन तरुण होते, आणि जय गिबेर्तीचा झाला. गिबेर्तीने स्वतः लिहून ठेविले आहे की सर्व परीक्षकांचा कौल एकमुखाने त्यास मिळाला. ब्रुनेलेस्कीचा चरित्रकार याच्या उलट सांगतो. काम दोघांस मिळून देऊ केले होते, पण ब्रुनेलेस्कीने भागीदारी नाकारली, असे त्याचे म्हणणे. खरे कोणते हे वाचकाने स्वतःच ठरवावे, अशी सोय सुदैवाने आहे. कारण हे दोन्ही पत्रे आजही फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात एकत्र पाहावयास मिळतात. ब्रुनेलेस्कीचे चित्र अधिक आवेशाचे आहे, देवदूताने अब्राहामाचा हात अक्षरशः पकडला आहे. गिबेर्तीचे अधिक डौलदार. मात्र गिबेर्तीचा पत्रा बहुतांशी एकसंध ओतलेला व वजनाने पुष्कळ हलका आहे, तर ब्रुनेलेस्कीने आकृती निरनिराळ्या ओतून पत्र्यावर बसविल्या आहेत. ज्यांस अशा कित्येक चौकटींच्या काशाचे पैसे मोजावयाचे होते, त्या व्यापाऱ्यांस हा भेद दिसला नसेल असे मानवत नाही.

पराभूत ब्रुनेलेस्कीचे पुढे काय झाले, हे या कथेतील अधिक बोधप्रद अंग होय. त्याने मूर्तिकामाची वाट जवळजवळ सोडली, आणि रोमच्या भग्न वास्तूंचा अभ्यास केला असे सांगतात. १४१८ साली त्याच नगराने दुसरा पुकारा केला. तेथील महामंदिराचे बांधकाम छतापर्यंत येऊन थांबले होते. सुमारे १४० फूट रुंदीचे अष्टकोनी तोंड आभाळाकडे उघडे पडले होते, आणि त्यावर घुमट कसा घालावा हे कोणासच उमगत नव्हते. एवढ्या रुंदीस खालून लाकडी आधार उभारावयाचा तर लाकूड कोठून आणावे? ब्रुनेलेस्कीने जमिनीपासून आधार न उभारता घुमट चढविण्याची युक्ती मांडली. काम त्यास मिळाले, पण अधिकाऱ्यांनी जोडीस जुना प्रतिस्पर्धी गिबेर्ती यासही नेमून दिले! १४२० मध्ये काम सुरू झाले व १४३६ मध्ये घुमट पुरा झाला. घुमटावरील शिखरमंडपासाठी पुन्हा स्पर्धा लावण्यात आली, आणि त्या वेळी ब्रुनेलेस्कीने गिबेर्तीस मागे टाकले. पहिल्या स्पर्धेत तो जिंकला असता, तर त्याच्या आयुष्याची वीस वर्षे गिबेर्तीप्रमाणे दरवाज्यांतच गेली असती, आणि तो घुमट कोणी बांधला असता हे सांगवत नाही. स्पर्धेत हरलेला मनुष्य संपत नाही. पुष्कळदा त्यास आपली खरी वाट तेथेच सापडते.

फ्लॉरेन्समध्ये स्पर्धकांची नावे सर्वांस ठाऊक होती. नाव झाकण्याची रीत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली, आणि तिचे ठळक उदाहरण म्हणजे लंडनचे पार्लमेंट-भवन. १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री जुने वेस्टमिन्स्टर जळाले. हिशेबाच्या जुन्या लाकडी कांड्या भट्टीत जाळण्याचे निमित्त झाले, आणि त्या आगीत इंग्लंडच्या दोन्ही सभागृहांची राखरांगोळी झाली. पुढील वर्षी नव्या भवनाचे आराखडे मागविण्यात आले. शैली गॉथिक अथवा एलिझाबेथकालीन असावी एवढे बंधन होते. ९७ जणांनी आराखडे धाडिले. त्यांवर नावाऐवजी खुणा होत्या. निवड झाली ती ६४ व्या क्रमांकाची. त्यावर किल्ल्याच्या दरवाज्यातील जाळीदार झडपेचे चिन्ह होते, आणि कर्ता निघाला चार्ल्स बॅरी.

येथे या पद्धतीतील दोन व्यंगे उघड झाली. पहिले असे की परीक्षक मंडळात पेशाने वास्तुविशारद असा एकही गृहस्थ नव्हता. सारे हौशी रसिक. हरलेल्यांनी तक्रारींचा गदारोळ केला त्यात नवल नाही. दुसरे व्यंग अधिक खोल आहे. नाव झाकल्याने ओळखीचा पक्षपात टळतो, पण आराखड्यामागे हात कोणाचा हेही झाकले जाते. बॅरीच्या नकाशांवरील बारीक गॉथिक नक्षी ऑगस्टस प्यूजिन या तेवीस वर्षांच्या तरुणाने रेखाटली होती, आणि पुढे त्या भवनाच्या अंतर्भागाची सजावट, कड्याकोयंड्यांपासून फरशांपर्यंत, त्याच्याच कल्पनेतून उतरली. १८५२ मध्ये प्यूजिन बुद्धिभ्रंशाने पीडित होऊन वारला. भवनाचा खरा कर्ता कोण, यावर दोघांच्या पुत्रांत पुढे कडाक्याचे भांडण जुंपले. काम सहा वर्षांत सुमारे सव्वासात लाख पौंडांत होईल असा अंदाज होता. ते तीस वर्षांवर चालले आणि खर्च वीस लाख पौंडांच्या पुढे गेला. १८६० मध्ये बॅरीही निवर्तला, तेव्हा काम पुरे झालेले नव्हते. आराखड्याची निवड काही महिन्यांत झाली होती. निवडलेल्यास मात्र पुढली चोवीस वर्षे कमिट्यांशी, खजिन्याशी आणि आपल्या मेहनतान्यासाठी झगडावे लागले.

आता आपल्या मुंबईकडे वळू. ज्या वास्तुसंग्रहालयास १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे, त्याचा पाया ११ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराज जॉर्ज यांच्या हस्ते घातला गेला. परंतु इमारत कशी असावी हे तेव्हा ठरलेले नव्हते. १९०९ मध्ये खुल्या स्पर्धेने आराखडे मागविण्यात आले आणि त्यांतून जॉर्ज विटेट याचा आराखडा पसंत झाला. विटेट हा स्कॉटलंडात जन्मलेला, १९०४ मध्ये हिंदुस्थानात येऊन सरकारी वास्तुविशारद जॉन बेग याच्या हाताखाली काम करणारा तिशीतला मनुष्य. त्याने विजापूरच्या इमारतींचा अभ्यास केला होता, आणि या संग्रहालयाचा मोठा घुमट पाहताना गोलघुमटाची आठवण होते ती उगीच नव्हे. दगड जवळचा, कुर्ल्याचा निळसर-काळा व मालाडचा पिवळसर. नाशिकच्या एका जुन्या वाड्यातील कोरीव लाकडी कमानींचा मंडपही मधल्या दालनात बसविला गेला. इमारत १९१४ मध्ये पुरी झाली. महायुद्धाच्या काळात ती लष्करी इस्पितळाच्या उपयोगास गेली, आणि १० जानेवारी १९२२ रोजी संग्रहालय म्हणून लोकांस खुली झाली.

या स्पर्धेचे फळ इतके सुरेख उतरले त्याचे श्रेय विटेटच्या प्रतिभेस आहेच. पण आणखी एक कारण आमच्या मते तितकेच महत्त्वाचे आहे. विटेट मुंबईतच राहत होता. दगड कोठून येतो, पाथरवट कसे काम करतात, अधिकारी कोणते आणि पावसाळा केव्हा, हे सर्व त्यास ठाऊक होते. आराखडा पसंत झाल्यापासून भिंती उभ्या राहीपर्यंत कल्पना आणि काम यांत अंतर पडले नाही. गेटवे ऑफ इंडियाही त्यानेच रचला, आणि १९२६ मध्ये मुंबईतच त्याचा अंत झाला.

हे अंतर पडले म्हणजे काय होते, याची साक्ष ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या संगीत-नाट्यगृहाइतकी दुसरी कोणती वास्तू देत नाही. १९५५ मध्ये न्यू साउथ वेल्सचे मुख्यमंत्री जोसेफ काहिल यांनी जागतिक स्पर्धा पुकारली. ३२ देशांतून २३३ आराखडे आले. २९ जानेवारी १९५७ रोजी निकाल लागला तो यॉर्न उट्झन या अडतीस वर्षांच्या डॅनिश वास्तुविशारदाच्या नावाने. त्याने सिडनी पाहिलेही नव्हते. बंदराचे नाविक नकाशे समोर ठेवून त्याने आपली कल्पना रचिली होती. त्याची रेखाटने इतकी अपुरी होती की परीक्षकांपैकी ईरो सारिनेन उशिरा येऊन पोहोचला आणि नापसंत गठ्ठ्यातून त्याने ती वर काढिली, अशी कथा प्रसिद्ध आहे. कथा तंतोतंत खरी असो वा नसो, नियमावर बोट ठेवणाऱ्या परीक्षकाने तो आराखडा सहज बाजूस सारला असता, एवढे निश्चित. पाण्यात शिरलेल्या भूशिरावर शिडांप्रमाणे उभी राहिलेली ती छपरे ज्याने प्रथम कागदावर ओळखिली, त्या परीक्षकाचे ऋण सिडनीवर कायमचे आहे.

परंतु छपरे कागदावर काढणे निराळे आणि उभी करणे निराळे. त्यांचा आकार गणिताने कसा बांधावा हे ठरलेले नसतानाच, सरकार बदलले तर योजना बारगळेल या धास्तीने, मार्च १९५९ मध्ये काम सुरू करण्यात आले. परिणामी चौथऱ्याचे काही खांब छपराचा भार सोसण्यास अपुरे ठरून पुन्हा बांधावे लागले. सर्व छपरे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापावी, म्हणजे तुकडे साच्यात ओतता येतील, ही युक्ती १९६१ मध्ये निघाली. तोवर काहिल वारले होते. १९६५ मध्ये सरकार खरोखरच बदलले. नव्या मंत्र्यांनी खर्चावर बोट ठेवून उट्झनचे पैसे अडविले, आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये उट्झनने काम सोडले व पुढे देशही सोडला. नागरिकांनी त्याच्या बाजूने मोर्चा काढला. उपयोग झाला नाही. अंतर्भाग इतरांनी पुरा केला. मोठे दालन केवळ वाद्यवृंदासाठी राखण्यात येऊन संगीतनाट्याची रवानगी लहान दालनात झाली. ७० लाख डॉलरांच्या अंदाजाचे काम १० कोटी २० लाखांवर गेले. २० ऑक्टोबर १९७३ रोजी इंग्लंडच्या राणीने उद्घाटन केले, तेव्हा उट्झन तेथे नव्हता. पुढे त्याचा सन्मान झाला, २००३ मध्ये प्रिट्झकर पारितोषिक मिळाले, २००७ मध्ये ती वास्तू जागतिक वारशात गणली गेली. पण २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपली पुरी झालेली वास्तू त्याने डोळ्यांनी पाहिली नाही. या कथेत खलपुरुष शोधणे सोपे आहे. आम्हास मात्र दोष पद्धतीचा वाटतो. ज्या समाजाने कल्पना निवडली, त्याने कल्पकाचे रक्षण कसे करावयाचे याचा विचारच केलेला नव्हता.

नाव झाकण्याचे मोल किती, आणि पडदा दूर होताच काय घडते, हे दोन्ही एकाच ठिकाणी पाहावयाचे असल्यास अमेरिकेतील वॉशिंग्टन येथील व्हिएतनाम-युद्ध स्मारकाकडे पाहावे. १९८१ मध्ये या स्मारकासाठी १४२१ आराखडे आले. ते विमानतळावरील एका विस्तीर्ण गोदामात मांडून परीक्षकांनी पाहिले. अटी मोजक्या होत्या. सर्व मृतांची नावे असावी, राजकीय भाष्य नसावे, परिसराशी मेळ असावा. परीक्षक आठ, सारे आपापल्या कलेतील जाणकार. त्यांचा कौल एकमुखाने १०२६ क्रमांकास मिळाला. नाव उघडले तेव्हा कळले की हा आराखडा येल विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या माया लिन या विद्यार्थिनीचा, आणि तोही वर्गातील अभ्यास म्हणून आरंभिलेला! जमिनीत उतरत जाणाऱ्या काळ्या पाषाणाच्या दोन भिंती, त्यांवर ५८,००० हून अधिक नावे. पुतळा नाही, जयघोष नाही. आराखड्यावर वादळ उठले, आणि त्यात तिच्या चिनी वंशावरूनही तिला टोमणे ऐकावे लागले. अनुभवाची अट घातली असती तर ती दारातच अडली असती, आणि नाव लिहिलेले असते तर काय झाले असते, हे त्या टोमण्यांवरूनच दिसते. विरोधकांच्या समाधानार्थ तीन सैनिकांचा पुतळा जवळ उभारण्याची तडजोड झाली. पण भिंती तिच्या कल्पनेप्रमाणेच उभ्या राहून नोव्हेंबर १९८२ मध्ये स्मारकाचे लोकार्पण झाले. ज्यांच्या नातलगांची नावे त्या पाषाणावर आहेत ते लोक तेथे येऊन अक्षरांवरून बोटे फिरवितात. परीक्षकांनी नाव न पाहता जे पाहिले, ते यथार्थ होते.

आपल्या देशातील अगदी अलीकडचे उदाहरण इमारतीचे नसून एका अक्षराचे आहे. २००९ मध्ये भारत सरकारने रुपयाच्या चिन्हासाठी स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांवर चिन्हे आली. त्यांतून पाच निवडली गेली, आणि १५ जुलै २०१० रोजी पवईच्या आय. आय. टी.तील डी. उदयकुमार या संशोधक विद्यार्थ्याचे चिन्ह मान्य झाले. देवनागरी 'र', वर शिरोरेषा, खाली तिला समांतर दुसरी रेघ, आणि रोमन 'आर'चाही आभास. आज आपण ते वाण्याच्या बिलापासून नोटेपर्यंत सर्वत्र पाहतो. तथापि एका चिन्हामागे तीन हजार जणांचे श्रम खर्ची पडले, हेही विसरता कामा नये.

हाच आक्षेप आमचे विद्यार्थी वारंवार घेतात. एकाच्या यशासाठी शेकडोंनी फुकट राबावे, हा न्याय कसला? आक्षेप वजनदार आहे. वकील अथवा वैद्य आपली विद्या अशी मोफत मांडीत नाहीत. यावर उपाय म्हणून दोन टप्प्यांची स्पर्धा पुष्कळ ठिकाणी लावतात. पहिल्या टप्प्यात थोडक्यात कल्पना मागावयाची, मोजके स्पर्धक निवडावयाचे, आणि पुढील सविस्तर आराखड्याचा मेहनताना प्रत्येकास द्यावयाचा. हा उपाय आम्हास रास्त वाटतो. स्पर्धाच नको, हे म्हणणे मात्र पटत नाही. कारण तिच्या जागी जे येते ते अधिक न्यायाचे नसते. सार्वजनिक इमारतीच्या निविदेत पुष्कळदा उलाढाल इतक्या कोटींची असावी, अशाच प्रकारच्या इतक्या इमारती पूर्वी बांधलेल्या असाव्या, अशा अटी असतात. ज्याने केले आहे त्यासच पुन्हा करू द्यावयाचे, आणि ज्याने केलेले नाही त्याने ते कधीच करू नये, असा या अटींचा अर्थ होतो. पैसा बुडू नये हा त्यांतील हेतू समजण्यासारखा आहे. पण अनुभवाची उणीव जोडीस अनुभवी सहकारी देऊन भरून काढिता येते, कल्पनेची उणीव मात्र उलाढालीने भरून निघत नाही.

म्हणून स्पर्धा लावणाऱ्या संस्थांस आमचे सांगणे इतकेच की प्रश्न नेमका विचारावा, परीक्षक त्या कलेचे जाणकार नेमावे, आणि निकालाच्या दिवशी आपले कर्तव्य संपले असे न मानता जिंकलेल्यास काम पुरे होईपर्यंत अधिकार, वेळ व मोबदला यांची हमी लेखी द्यावी. वेस्टमिन्स्टर व सिडनी येथे जे बिनसले ते बहुतेक या तिसऱ्या गोष्टीच्या अभावी. आणि जो तरुण कल्पक आज रात्र जागून आराखडा काढीत असेल त्यास सांगावयाचे ते हे की, प्रश्नपत्र लक्षपूर्वक वाचावे, परीक्षक कोण आहेत ते पाहावे, जिंकल्यास पुढे काय याचे कलम आहे की नाही ते तपासावे, आणि मग हरण्याची भीती न धरता आराखडा धाडावा. बार्जेल्लो संग्रहालयातील तो पडेल पत्रा पाहावयास आजही जगभरातून लोक जातात, आणि त्याच्या कर्त्याने बांधलेला घुमट तेथून अवघ्या काही मिनिटांच्या वाटेवर उभा आहे.